कडू, कडसर, कडवट

गुढीपाडव्याच्या सकाळी कडुनिंबाची कोवळी पानं, गूळ आणि ओवा वाटून केलेली गोळी तोंडात टाकली की आधी गूळ लागतो. मग कडू वर येतं. पाणी पिऊन झाल्यावरही घशाच्या मागच्या बाजूला काहीतरी रेंगाळत राहतं. लहानपणी आपण ती गोळी नाक दाबून गिळतो. मोठेपणी तिच्यातला क्रम जाणवायला लागतो: गोड पुढे, कडू मागे आणि शेवटी तोंड स्वच्छ. इंग्लिश पद्धतीची पेल एल ही बिअर चाखायला आणि पारखायला शिकताना मला सगळ्यात जास्त आधार मिळाला तो या क्रमाचा.

दुसरा आधार भाषेचा. मराठीत नुसतं 'कडू' म्हणून भागत नाही. मेथीची भाजी कडसर असते. कारलं कडू असतं, आणि कडू असतं म्हणूनच आपण ते आणतो. पुन्हापुन्हा उकळलेला चहा मात्र कडवट होतो. 'कडसर' या शब्दात प्रमाण आहे, 'कडवट' या शब्दात नाराजी आहे. पेल एलचं परीक्षण बऱ्याच अंशी या तीन शब्दांमधलं अंतर ओळखण्याचं काम आहे. ती कडू असावी, हलक्या प्रकारात कडसर असली तरी चालेल, कडवट मात्र होऊ नये. इंग्लंडच्या पबमध्ये या बिअरचं चालू नाव तर थेट 'बिटर' असंच आहे. एकोणिसाव्या शतकात बनवणारे तिला पेल एल म्हणत आणि पिणारे बिटर म्हणत. पिंपातून ओढली तर बिटर, बाटलीत भरली तर पेल एल असाही एक ढोबळ रिवाज पुढे पडला. वस्तू तीच.

आपल्याकडे बिअर म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती लागर: फिकट पिवळी, भरपूर फेसाळ, बर्फासारखी थंड. लागरचं यीस्ट थंडीत सावकाश काम करतं आणि आपली फारशी खूण मागे ठेवत नाही. एलचं यीस्ट 18 ते 20 अंश सेल्सिअसच्या आसपास उत्साहानं आंबवतं, आंबवताना फेसाबरोबर वर येतं आणि जाताना फळांसारखे वास सोडून जातं. ही बिअर प्यायची तीही तळघराच्या तापमानाला, साधारण 11 ते 13 अंशांना. इंग्रज लोक कोमट बिअर पितात असं आपल्याकडे सांगितलं जातं, त्यात तथ्य नाही. महाबळेश्वरच्या थंडीतल्या माठातलं पाणी जितकं गार, तितकी ती गार असते. याच बिअरचा ग्लास 4 अंशांवर समोर आला तर ती मुकी होते, कारण वासाचे रेणू थंडीत द्रवातून सुटत नाहीत. अशा वेळी ग्लास दोन्ही तळव्यांत धरून थोडा ऊबवायचा आणि मगच कागदावर पेन टेकवायचं.

चाखणीच्या टेबलावर बाटलीला लेबल नसतं, नुसता आकडा असतो. टेबलावर पाणी असतं आणि मीठ-मसाला नसलेला साधा पाव. परीक्षकानं अत्तर लावायचं नाही, हाताला साबणाचाही वास नको, आणि दुपारी झणझणीत मिसळ खाऊन यायचं नाही. ग्लासात ओततात ती 60 ते 90 मिलिलिटर, म्हणजे चहाच्या छोट्या कपाएवढी. वाइनचे परीक्षक घोट तोंडात घोळवून थुंकतात, बिअरचे परीक्षक थोडा गिळतात, कारण कडूचा शेवट गिळल्यानंतरच पुरता कळतो. म्हणूनच नमुने मोजके ठेवावे लागतात. दमलेल्या जिभेच्या निकालाला अर्थ नसतो.

जगभर सर्वाधिक वापरली जाणारी गुणपत्रिका 'बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम' या 1985 मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या संस्थेची आहे. एकूण गुण 50. वासाला 12, दिसण्याला 3, चवीला 20, तोंडात भरण्याच्या जाणिवेला 5 आणि एकूण परिणामाला 10. रूपाला अवघे 3 आणि वासाला 12, ही वाटणी मला फार शहाणपणाची वाटते. ओतल्याबरोबर ग्लास नाकाशी न्यायचा, कारण काही वास मिनिटभरात उडून जातात. लांब श्वास घ्यायचा नाही. दोन-तीन छोटे हुंगे घ्यायचे आणि ग्लास बाजूला ठेवायचा. नाक लवकर सरावतं आणि सरावलं की खोटं बोलतं. मग स्वतःच्या बाहीचा किंवा मनगटाचा वास घ्यायचा, नाक पुन्हा जागेवर येतं.

इंग्लिश पेल एलमध्ये नाकाला काय भेटायला हवं? पहिल्यांदा धान्य. बार्लीला मोड आणून, वाळवून, हलकं भाजून केलेलं माल्ट हा या बिअरचा पाया. त्यात 'मॅरिस ऑटर' या वाणाचा मोठा मान आहे. केंब्रिजच्या वनस्पती प्रजनन संस्थेत तयार झालेला हा वाण 1960 च्या दशकात शेतात आला. त्याच्या नावातलं 'मॅरिस' म्हणजे संस्थेजवळची मॅरिस लेन नावाची गल्ली. जास्त उत्पन्न देणारे नवे वाण आल्यावर तो मागे पडत चालला होता, पण पारंपरिक एल बनवणाऱ्यांनी हट्टानं तो टिकवला. त्याच्या वासाचं वर्णन इंग्रजीत बिस्किटासारखा असं करतात. आपल्याकडे 'खमंग' हा शब्द त्याहून नेमका आहे. तव्यावर कोरडी कणीक परतायला घेतली की रंग बदलायच्या जरासा आधी जो वास सुटतो, तो. त्याच्या जोडीला थोडं क्रिस्टल माल्ट असतं. ते ओलं असतानाच तापवतात, त्यामुळे दाण्याच्या आतच साखरेचा पाक होतो. त्यातून चिक्कीच्या पाकाचा, क्वचित मनुकांचा वास येतो. हा पाक वर येऊन सगळं झाकायला लागला तर बिअर जड होते, आणि तिथे गुण कापावेत.

मग हॉप. हॉप ही भांगेच्या कुळातली वेल. तिच्या मादी फुलांचे हिरवे शंकू बिअरला कडूपणा आणि वास दोन्ही देतात. इंग्लंडचे दोन जुने वाण गोल्डिंग आणि फगल. ईस्ट केंटच्या गोल्डिंगला फुलांचा, मधाचा आणि किंचित मसाल्याचा सुवास असतो. फगल मातकट आणि लाकडी. मराठीत 'मातकट' म्हटलं की थोडी नाराजी येते, पण पहिल्या पावसानंतरच्या वाफ्याजवळ उभं राहिलं की तो शब्द कौतुकाचा होतो. फगलचा वास त्या बाजूचा. या दोन्ही हॉपमध्ये आरडाओरड नाही. अमेरिकन पेल एल पिऊन आलेल्या माणसाला इथे चकवा बसतो. तिकडे 1980 मध्ये 'सिएरा नेवाडा पेल एल' आली आणि तिच्यातल्या कॅस्केड हॉपनं पपनसासारखा झणझणीत वास हीच पेल एलची ओळख करून टाकली. मौज अशी की कॅस्केडच्या वंशावळीत हा मातकट फगलच आहे.

नवा परीक्षक इंग्लिश ग्लास हुंगतो आणि लिहितो, 'हॉपचा वास कमी.' मीही सुरुवातीला एका सराव चाखणीत असंच लिहिलं होतं. शेजारी बसलेल्या अनुभवी परीक्षक बाईंनी माझा कागद वाचला आणि विचारलं, "कशाच्या मानानं कमी?" तो प्रश्न मी आजतागायत जपून ठेवला आहे. परीक्षण आपल्या आवडीच्या मानानं होत नाही. समोरच्या बिअरनं जे व्हायचं ठरवलं आहे, त्याच्या मानानं होतं.

तिसरा वास यीस्टचा. संत्र्याच्या मुरंब्याची साल, पिकलेलं पेअर, कधी आलुबुखार. यीस्ट साखर खाताना अल्कोहोलबरोबर एस्टर नावाची संयुगं बनवतं, हे वास त्यांचे. थोडे असले की ग्लासात जीव येतो. तापमान हाताबाहेर गेलं की ते केळ्याच्या इसेन्सकडे सरकतात, आणि आणखी बिघडलं तर नेलपॉलिश काढायच्या द्रवाचा दर्प येतो. 'सुवास', 'वास', 'दर्प' हे तीन शब्द एका रेघेवर मांडले तर यीस्टचं अख्खं प्रगतिपुस्तक तयार होतं.

काही पेल एलमध्ये आणखी एक क्षणभराचा वास असतो: काडेपेटीची काडी ओढल्याबरोबर येणारा गंधकाचा. अनोळखी माणूस तो दोष समजतो. तो एका गावाच्या पाण्याचा वास आहे.

ते गाव म्हणजे मध्य इंग्लंडमधलं बर्टन अपॉन ट्रेंट. तिथल्या जमिनीखाली जिप्समचे थर आहेत. आपण छताला लावतो त्या प्लास्टर ऑफ पॅरिसची ही मूळ खनिजमाती, म्हणजे कॅल्शियम सल्फेट. तिच्यातून झिरपलेल्या विहिरींच्या पाण्यात लिटरमागे 600 मिलिग्रॅमच्या घरात सल्फेट सापडतं. सल्फेटमुळे हॉपचा कडूपणा धारदार आणि कोरडा होतो, तोंडात चिकटून बसत नाही. लंडनचं पाणी वेगळं, कार्बोनेटचं, काळसर पोर्टर बिअरला मानवणारं. बर्टनच्या पाण्याचं रसायन उलगडल्यावर इतर गावचे लोक आपल्या पाण्यात मुद्दाम जिप्सम मिसळायला लागले. त्या क्रियेला आजही बर्टनायझेशन म्हणतात. एका गावाचं नाव रसायनातलं क्रियापद व्हावं, हा मान फार थोड्या गावांना मिळाला असेल.

या गावाची भरभराट झाली त्यात हिंदुस्थानचाही वाटा आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनच्या पूर्वेला बो भागात जॉर्ज हॉजसनचा बिअरचा कारखाना होता. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं जवळच लागत. जहाजांचे कप्तान आपल्या खाजगी व्यापारासाठी त्याच्याकडून पिंपं उचलत आणि मुंबई, मद्रास, कलकत्त्याला विकत. पुढे हॉजसनचं नि कंपनीच्या लोकांचं बिनसलं. 1822 च्या सुमारास बर्टनच्या सॅम्युएल ऑल्सपला तशीच बिअर करून बघायला सांगितलं गेलं, आणि त्याच्या माणसानं पहिला नमुना चहाच्या किटलीत केला अशी गोष्ट सांगतात. बर्टनच्या पाण्यात ती हॉजसनपेक्षा चांगली उतरली. ऑल्सपपाठोपाठ बास हा कारखानाही या व्यापारात उतरला आणि मोठा झाला. लांबच्या प्रवासात टिकावी म्हणून ही बिअर मुद्दाम जालीम बनवली, ही कथा मात्र फार ताणली गेली आहे. त्या काळाच्या मानानं ती काही विशेष जहाल नव्हती, आणि पोर्टरसारख्या इतर बिअरही त्याच जहाजांतून सुखरूप येत होत्या. साधे गोरे शिपाई तर पोर्टरच प्यायचे. पेल एल ही साहेबांची आणि व्यापाऱ्यांची. परतीच्या जहाजाची वाट बघत शिपाई जिथे खोळंबायचे त्या नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीनं इंग्रजीला 'डुलाली' हा शब्द दिला. अर्थ, डोकं फिरलेला. त्याला जोडून ते 'टॅप' म्हणत, तो आपला 'ताप'. तेच नाव घेऊन 2009 मध्ये पुण्यात 'डुलाली' नावाची मायक्रोब्रुअरी सुरू झाली.

बासच्या बाटलीवरचा लाल त्रिकोण हा ब्रिटनमध्ये नोंदला गेलेला पहिला ट्रेडमार्क, तारीख 1 जानेवारी 1876. एदुआर मानेनं 1882 मध्ये पूर्ण केलेल्या 'अ बार अॅट द फोली-बर्जेर' या चित्रात संगमरवरी ओट्यावर शॅम्पेनशेजारी ही त्रिकोणवाली बाटली उभी आहे. पॅरिसमधली बारबाला, आणि तिच्या पुढ्यात बर्टनची पेल एल.

आता रूप. 'पेल' म्हणजे फिकट, आणि ग्लासात तर दिसतो तांब्याचा किंवा मधाचा रंग. हे फिकटपण कशाच्या मानानं, हाच प्रश्न पुन्हा. पूर्वी माल्ट लाकडाच्या किंवा गवताच्या आगीवर वाळवत. ते तपकिरी व्हायचं, धुरकट व्हायचं. दगडी कोळशात गंधक, त्याचा धूर त्याहून वाईट. सतराव्या शतकात डर्बीशरकडे कोळसा आधी भाजून त्याचा कोक केला गेला आणि कोकच्या बिनधुराच्या आचेवर माल्ट फिकट राहिलं. त्या काळ्या-तपकिरी जगात तांब्याचा रंग फिकटच होता. रंग शब्दांत पकडता येईना म्हणून जोसेफ लोव्हिबॉन्ड या बिअर बनवणाऱ्यानं 1880 च्या दशकात रंगीत काचांचं मापक तयार केलं. त्याच्या नावाची अंशपट्टी माल्टच्या पोत्यांवर अजून छापतात. ग्लासात बघायचं ते इतकंच: बिअर नितळ आहे का, फेस पांढुरका आणि टिकाऊ आहे का. पिंपातली एल नितळ व्हावी म्हणून माशांच्या वाताशयापासून केलेलं आयझिंग्लास वापरण्याची जुनी रीत आहे. शाकाहारी वाचकांनी ते ध्यानात ठेवावं. अलीकडे बरेच जण त्याशिवायही बिअर बनवतात आणि तसं सांगतात.

रूप झालं, आता घोट. जिभेच्या टोकाला गोड, मागे कडू असा जो नकाशा शाळेत शिकवला जातो तो चुकीचा आहे. चव जिभेवर सगळीकडेच कळते. वेळ मात्र वेगवेगळा लागतो. गोड लवकर येतं आणि जातं, कडू उशिरा येतं आणि रेंगाळतं. पाडव्याच्या गोळीतला क्रम तो हाच. चांगल्या पेल एलच्या घोटात आधी भाजलेलं धान्य आणि थोडा पाक लागतो. घोट मधोमध आला की फळाचा वास नाकाच्या मागच्या वाटेनं वर चढतो. मग कडूपणा उठतो, आणि शेवटी तोंड कोरडं, स्वच्छ. तो शेवट दुसऱ्या घोटाला बोलावतो.

हॉपमधली अल्फा आम्लं मुळात पाण्यात फारशी विरघळत नाहीत. तासभर उकळल्यावर त्यांची रचना बदलते आणि तेव्हा कुठे ती बिअरला कडू करतात. सुवासाची तेलं मात्र उकळताना उडून जातात. म्हणून हॉप दोनदा घालायचा: सुरुवातीला कडूसाठी, अखेरीला वासासाठी. फोडणीतली मोहरी आणि वरून पेरलेली कोथिंबीर यांत असतो तसाच हा भेद. लिटरमध्ये ही बदललेली आम्लं किती मिलिग्रॅम, यावरून कडूपणाचं एकक ठरतं. साध्या बिटरला 25 ते 35, मधल्या 'बेस्ट'ला 25 ते 40, कडक प्रकाराला 30 ते 50. अल्कोहोल त्याच क्रमानं 3.2 पासून 6.2 टक्क्यांपर्यंत. आकड्यांनी निकाल लागत नाही. 35 एककांचा कडूपणा पाकाळ बिअरमध्ये बुडून जातो आणि हलक्या, कोरड्या बिअरमध्ये ओरडतो.

शिवाय तुमचं कडू आणि माझं कडू एक असेलच असं नाही. माणसात कडू ओळखणाऱ्या ग्राहकांचे (रिसेप्टरांचे) सुमारे 25 प्रकार आहेत आणि त्यांची घडण आनुवंशिक. 1931 मध्ये आर्थर फॉक्स या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत एक पूड हवेत उडाली. सहकाऱ्याला ती भयंकर कडू लागली आणि खुद्द फॉक्सला काहीच लागलं नाही. त्यातून चवीच्या आनुवंशिकतेचा एक मोठा अभ्यासच सुरू झाला. एका बाटलीला एकच परीक्षक का चालत नाही, याचं हे उत्तर. किमान दोघं बसतात, आधी न बोलता गुण लिहितात, आणि फरक साताच्या वर गेला तर ग्लास पुन्हा हातात घेऊन बोलतात.

कडूच्या शेजारी बसलेला तुरटपणा वेगळा काढता यायला हवा. कडू ही चव, तर तुरट हा स्पर्श. कच्चं केळं किंवा सुपारी खाल्ल्यावर गालाची आतली बाजू आवळल्यासारखी होते, तो तुरटपणा. माल्टच्या टरफलांमधून जास्त गरम पाण्यानं शेवटचा थेंब पिळून घ्यायची हाव केली की तो बिअरमध्ये उतरतो. कडवटपणाचं कारण शोधायला गेलं की पुष्कळदा हा तुरटपणाच हाती लागतो.

दोषांच्या बाबतीत मराठी स्वयंपाकघर फार उपयोगी पडतं, कारण बिघडलेल्या पदार्थांसाठी आपल्याकडे भरपूर शब्द आहेत. हवा लागून जुनी झालेली बिअर पावसात भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी लागते: शिळी, कुबट. व्हिनेगरच्या बाजूला झुकली की आंबूस, आणि आंबूसच्या पुढे आंबट. आंबवणं अर्धवट सोडलं की हिरव्या सफरचंदाचा वास. उकळी नीट नसेल तर उकडलेल्या मक्याच्या कणसाचा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढलं नसेल तर दवाखान्यातल्या जंतुनाशकाचा. पारदर्शक बाटलीत ऊन लागलं की हॉपमधल्या त्याच कडू द्रव्यांतून गंधकाचं एक संयुग तयार होतं. त्याचा वास इतका उग्र की पाश्चात्त्य लोक त्याला स्कंक या दुर्गंधी सोडणाऱ्या प्राण्याचं नाव देतात. तपकिरी बाटली या बिघाडापासून बरंच संरक्षण देते. कितीही सुंदर असली तरी पारदर्शक बाटलीतली बिअर उन्हात ठेवलेल्या दुकानातून मी घेत नाही.

सगळ्यात वादाचा दोष डायअॅसिटिलचा. हा लोण्याचा वास. विरजण लावून घुसळलेल्या लोण्याला जो मोहक वास असतो त्यात हेच संयुग असतं. यीस्ट ते आंबवताना तयार करतं आणि पुरेसा वेळ मिळाला तर स्वतःच परत शोषून घेतं. ज्यांनी घाई केली त्यांच्या बिअरला लोणकट वास राहतो. लागरमध्ये तो उघड दोष. इंग्लिश एलमध्ये अगदी पुसट असेल तर परंपरा त्याला सांभाळून घेते. 'पुसट' म्हणजे किती, यावर परीक्षकांचे वाद होतात आणि काहींच्या नाकाला तो कळतच नाही. माझी कसोटी साधी आहे: तो पाकाबरोबर मिसळून बिअर गुबगुबीत करत असेल तर सोडून द्यावा, घोट गिळल्यावर जिभेवर तेलकट थर राहत असेल तर गुण कापावेत.

दोष आणि गुण यांची सीमा काळाबरोबर सरकते, हेही विसरू नये. 1871 मध्ये लुई पाश्चर लंडनच्या व्हिटब्रेड कारखान्यात गेला, सूक्ष्मदर्शकाखाली यीस्टचे नमुने पाहिले आणि त्यातले नको असलेले जंतू मालकांना दाखवले. आठवडाभरात पुन्हा गेला तोवर त्यांनी स्वतःचं सूक्ष्मदर्शक घेतलेलं होतं. पुढे 1904 मध्ये कार्ल्सबर्गच्या क्लाउसेननं इंग्लिश मुरवलेल्या बिअरमधून एक वेगळं यीस्ट काढलं आणि त्याला ब्रेटानोमायसिस, म्हणजे ब्रिटिश बुरशी असं नाव दिलं. कातड्याचा आणि तबेल्याचा वास देणारी ही बुरशी त्याला इंग्लिश चवीचा प्राण वाटली होती. आज तोच वास पेल एलमध्ये आला तर बाटली बाद होते.

तोंडात भरण्याच्या जाणिवेचे 5 गुण लिहिताना वायू बघायचा. लागरमध्ये असतो त्याच्या जेमतेम निम्मा वायू पिंपातल्या एलमध्ये असतो. अशी एल पिंपातच शेवटची थोडी आंबते, बाहेरून वायू न भरता हातपंपानं वर ओढतात, आणि पिंप उघडल्यावर तीनेक दिवसांत संपवावी लागते. 1970 च्या सुमारास ही पद्धत मरणपंथाला लागली होती. मोठ्या कंपन्यांना गाळून, वायू भरून, महिनोन्‌महिने टिकणारी बिअर सोयीची होती. 1971 मध्ये चार मित्रांनी तिच्या बचावासाठी 'कॅमरा' ही चळवळ सुरू केली आणि ती ग्राहकांच्या जोरावर उभी राहिली. त्यांच्या राष्ट्रीय स्पर्धेत यॉर्कशरमधल्या कीथलीच्या टिमथी टेलरची 'लँडलॉर्ड' ही 4.3 टक्क्यांची पेल एल चार वेळा पहिली आली. तिच्यातला स्टायरियन गोल्डिंग हॉप नावानं गोल्डिंग असला तरी जातीनं स्लोव्हेनियात रुजलेला फगलच आहे. बर्टनमध्ये मात्र 2024 मध्ये एक जुनी रीत थांबली. मार्स्टन्सनं लाकडी पिंपांच्या रांगा नळ्यांनी जोडून आंबवण्याची बर्टन युनियन पद्धत बंद केली. त्यातला एक संच डर्बीशरच्या थॉर्नब्रिजनं नेऊन पुन्हा चालू केला. बातमी वाचून मला एखादी जुनी संगीत नाटक मंडळी मोडताना तिचा ऑर्गन कुणीतरी घरी नेल्यासारखं वाटलं.

शेवटचे 10 गुण एकूण परिणामाचे, आणि इंग्लिश पेल एलमध्ये खरा निवाडा तिथे होतो. ही बिअर गप्पांसाठी जन्मली आहे. पबमधला माणूस 568 मिलिलिटरचा पिंट समोर ठेवून तासभर बोलतो. मधेच कधीतरी घोट घेतो, आणि प्रत्येक घोटाला ग्लास थोडा गरम, थोडा वेगळा झालेला असतो. पहिल्या हुंग्याला चकित करणारी बिअर पुष्कळदा अर्ध्या ग्लासाशी थकवते. म्हणून गुण लिहून झाल्यावर मी ग्लास सरकवून ठेवतो, पुढच्या दोन बाटल्या बघतो आणि परत येतो. उरलेला घोट कोमट झालेला असतो, फेस गेलेला असतो, लपायला जागा उरलेली नसते. तेव्हाही तो घ्यावासा वाटला तर माझं पेन वर सरकतं.

कागदाच्या तळाशी बनवणाऱ्यासाठी दोन-चार ओळी लिहायच्या असतात. नुसता आकडा त्याच्या काय कामाचा? परवाच्या एका सराव चाखणीत सतरा क्रमांकाच्या बाटलीखाली मी लिहिलेलं असं:

"परतलेल्या कणकेचा खमंग वास, मागे गोल्डिंगची फुलं, थोडी संत्र्याची साल. रंग तांब्याचा, नितळ. गोड पुढे, कडू वेळेवर. शेवट मात्र कडवटाकडे झुकतो, आणि ते हॉपचं नसून तुरटपणाचं वाटतं. माल्ट धुताना शेवटचं पाणी थोडं आधी थांबवून बघा, पाण्याचं तापमानही तपासा. लोण्याचा वास अगदी पुसट आहे, मी तो धरलेला नाही. कोमट झाल्यावर बिअर आणखी बरी लागली. 50 पैकी 36."

शेजारच्या परीक्षकानं 34 दिले होते. त्याला लोणी जास्त लागलं होतं. आम्ही ग्लास पुन्हा हातात घेतले.